मोटार बंद आहे, उपाय सांगा

“मोटार तर काल दुपारीच चालू झाली की,” बिरुदेव कोळेकर म्हणाला आणि खांद्यावरच्या टॉवेलनं मान पुसत आमच्याकडं बघत राहिला.

मे महिना, सकाळचे साडेअकरा. करंजटाकीच्या फाट्यावर एसटीतून उतरून मुजावरचाचा आणि मी तीन किलोमीटर चालत आलो होतो. वाटेत सावली म्हणून एक बाभूळ, तीही वठलेली. चाचांचं वय एकाहत्तर, उजवा गुडघा कामातून गेलेला. दर दोनशे पावलांवर ते थांबत आणि मी बघतेय हे लक्षात आलं की समोरच्या डोंगराकडं बोट करून काहीतरी विचारत, म्हणजे ते डोंगरासाठी थांबलेत असं मला वाटावं. माझ्या खांद्याला आयटीआयतला मेगर होता. केबलचं आवरण कुठं फाटलंय का, वीज कुठं गळतेय का, हे सांगणारं ते यंत्र माझ्या सहीवर बाहेर निघालं होतं, म्हणून रविवार असूनही मी सोबत आले होते.

“काल दुपारी?” मी विचारलं.

“व्हय. तीनच्या सुमाराला.”

“आणि ‘उद्या सकाळी बघायला येतो’ असं चाचांनी काल सकाळी ग्रुपवर लिहिलं होतं. त्यावर तुम्ही अंगठा टाकला होता.”

“टाकला हुता.”

“मग मोटार चालू झाल्यावर दोन शब्द टाकता आले नाहीत? ‘येऊ नका’, एवढंच?”

तो ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसला होता, तिथून उठलाही नाही. म्हणाला, “मी नुसतं विचारलं हुतं, मॅडम. या म्हणून कुठं सांगितलं हुतं?”

मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय, ते त्या ओट्यासमोर उभं राहून मला नव्यानं कळलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात चाचा ओट्याच्या कडेला टेकले, गुडघा दोन्ही हातांनी धरून सरळ केला आणि म्हणाले, “पाणी मिळंल का रे जरा?”

हा राग एका दिवसाचा नव्हता, म्हणून थोडं मागचं सांगते.

मी तेव्हा वायरमन आणि इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शिकवत होते. शिरतोडे मॅडम म्हटलं की मुलं वर्गाबाहेरही चपला सरळ करून ठेवत. मोबाईलवर ग्रुप करायची टूम नवी होती, तेव्हा मी ‘मोटार-पंप मदत’ नावाचा एक ग्रुप काढला. शंभरेक माणसं. गावोगावचे वायरमन, मोटारी भरणारे, म्हणजे जळलेल्या मोटारीत नव्या तारा गुंडाळणारे, आणि पंचायतीत पाणी सोडणारे. कुणाचं काही अडलं की त्यानं विचारावं, ज्याला येतं त्यानं सांगावं, एवढाच हेतू.

दस्तगीर मुजावर मिरजेचे. चाळीस वर्षं मोटारी भरल्या, मग नजर अधू झाली तसं दुकान मुलाच्या हाती दिलं. ग्रुपवर आले आणि त्यांना जणू दुकानच परत मिळालं. ते सांगायचे आणि सून टाईप करायची. एका उत्तराला कधीकधी सगळी दुपार जायची. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड पेनानं आकृती काढायची, सुनेकडून फोटो काढून घ्यायचा, हललेला आला तर परत काढायचा. आणि विचारणारा? उत्तर मिळालं की गायब. जमलं की नाही, काय निघालं, काही नाही. एकानं तर सलग तीन दिवस चाचांना राबवलं आणि चौथ्या दिवशी कळलं की त्यानं मोटार आधीच विकून टाकली होती.

चाचा कधी काही बोलले नाहीत. मी बोलले. मी पाच प्रश्न तयार केले आणि ग्रुपच्या माथ्यावर लावले. मोटार किती एचपीची, किती फेजची, बिघाड केव्हापासून, अलीकडं काय बदललं, तुम्ही स्वतः काय करून पाहिलं. या पाचांची उत्तरं दिल्याशिवाय कुणी काही विचारायचं नाही. ग्रुपला शिस्त आली. मला त्या पाच प्रश्नांचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

आणि शुक्रवारी हा मजकूर आला: ‘मोटार बंद पडते. अर्जंट. उपाय सांगा.’

मी पाच प्रश्न पाठवले. उत्तर आलं: ‘ते माहीत नाही. तुम्ही सांगा.’

मी लिहिलं, ‘रोगी घरी ठेवायचा आणि वैद्याकडे पुडी मागायला जायचं, असला प्रकार आहे हा. आधी तयारी करा, मग विचारा. इथे कुणी रिकामं बसलेलं नाही.’ त्याखाली चौदा जणांनी हसणारी तोंडं टाकली. मी मोजली होती.

संध्याकाळी चाचांचा फोन आला. “बाई, तो पाणीपुरवठ्याचा माणूस आहे. गावाचं पाणी अडलं असंल. मी त्याला फोन लावतोय, रेंज नाही.”

“त्याला साधं एचपी सांगता येत नाही, चाचा.”

“येत नसंल सांगता. मी जाऊन बघतो.”

तर असे आम्ही तिथं पोचलो होतो आणि मोटार आदल्या दुपारपासून चालू होती.

बिरुदेवनं आतून स्टीलच्या तांब्यात पाणी आणलं. चाळिशीचा माणूस, दाढीचे खुंट पांढरे व्हायला लागलेले. चाचा घोटघोट पाणी प्यायले. मग त्यांनी विचारलं, “बिघाड काय निघाला?”

“आं?”

“मोटार बंद का पडत होती? काय सापडलं?”

“ते काय म्हाईत न्हाई. दुसऱ्या एका ग्रुपवर बी टाकलं हुतं. त्यांनी सांगितलं तसं केलं, चालू झाली.”

“दुसऱ्या ग्रुपवर!” मी म्हणाले. “म्हणजे इकडं हा म्हातारा माणूस तुमच्यासाठी यायला निघालाय आणि तुम्ही गावभर तोच प्रश्न वाटत फिरताय? दहा दारांत भीक मागावी तसा? आणि एका दारी भाकरी मिळाली तर बाकीच्या नऊ जणांना चूल विझवा म्हणून सांगायची गरज नाही?”

“मॅडम, गावाला चार दिस पाणी न्हवतं.”

“म्हणून काय झालं? एक ओळ, बिरुदेव! एक ओळ लिहायला किती वेळ लागतो?”

त्यानं चाचांच्या हातातला रिकामा तांब्या काढून घेतला.

“चल,” चाचा उठले. “काय केलंस ते दाखव. एवढं चालून आलोय तर बघून तरी जाऊ.”

पंपघर वेशीच्या बाहेर, मारुतीच्या देवळामागं. पत्र्याचं छप्पर, एक दार. दाराच्या बाजूलाच बोअर आणि बोअरपासून निघालेला लोखंडी पाईप दहा-बारा पावलांवरच्या नळाला गेलेला. नळाभोवती वीसेक बायका घागरी-कळशा घेऊन. चार दिवसांनी पाणी आलेलं, त्यामुळं भांडण, हसणं, एकमेकींची घागर सरकवणं, सगळं एकदमच चाललं होतं. खाली चिखल झाला होता.

चाचा पंपघराकडं निघाले होते ते मध्येच थांबले. मला वाटलं, गुडघा. पण ते नळाकडं बघत होते.

“त्या नळाच्या चावीला फडकं का गुंडाळलंय?”

एक तरणी बाई हसली. “चावतोय तो, मामा.”

“चावतो म्हणजे?”

“झिणझिण्या येत्यात हाताला. वल्ल्या हातानं धरला तर जास्त. म्हणून फडकं बांधलं.”

“कवापासून?”

“चार-पाच दिस झालं. पर आधी मोटार लगेच बंद पडायची, तवा जरा जरा व्हायचं. कालपासून लई.”

नळाच्या पलीकडं दगडावर एक म्हातारी बसली होती, एकटीच, घागर न घेता. ती म्हणाली, “माजी शेळी बी हितंच मेली सकाळी. पाणी प्यायला आली आन् पाय ताठ करून पडली. उनानं, म्हनत्यात. सकाळी सातला कुठलं आलंय उन?”

चाचांनी पिशवीतून टेस्टर काढला. हातभर लांबून वाकले, टेस्टरचं टोक नळाच्या पाईपला लावलं आणि दुसऱ्या हातानं त्यावर आडोसा धरला. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. आतला छोटा दिवा लाल पेटला होता.

एकाहत्तर वर्षांचा, गुडघा गेलेला माणूस इतक्या जोरात ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

“मागं सरा! सगळ्या मागं सरा! घागरी सोडा! बिरुदेव, मेन स्विच पाड!”

बायका दचकून मागं झाल्या. बिरुदेव धावला. पंपघरातली घरघर थांबली आणि नळाची धार बारीक होत होत तुटली.

मग जो गलका उठला तो मी अजून विसरलेले नाही. अर्ध्या घागरी भरलेल्या, अर्ध्या रिकाम्या. चार दिवसांनी आलेलं पाणी कुणीतरी परगावचा म्हातारा येऊन बंद करतो म्हणजे काय? “आवं, तुमी कोण?” “ह्यांना कुणी बोलावलं?” “बिऱ्या, चालू कर ती मोटार!” एका बाईनं तर पदर खोचून चाचांच्या तोंडासमोर रिकामी कळशी धरली. “लेकराला पाजायला न्हाई घरात थेंब. ह्यात काय भरू, तुमचं भाषण?”

चाचा त्या बाईला म्हणाले, “माझी आई, मला शिव्या दे, दगड मार. पण हा नळ धरू नको. त्या मावशीची शेळी उन्हानं नाही मेली. ह्या नळात वीज उतरलीय.”

गलका थांबला. दगडावरची म्हातारी, तिचं नाव तायव्वा, उठून उभी राहिली. ती बिरुदेवकडं बघत होती. तो पंपघराच्या दारात उभा होता आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

“सकाळी पाचला आमची भागी भरून गेली की हितनं,” तो म्हणाला. भागी त्याची मुलगी.

पंपघरात चाचांनी स्टार्टरचं झाकण उघडायला लावलं. मोटारीवर जास्त भार आला की आपोआप वीज तोडणारी रिले असते, ती तिथं होती, पण नावाला. तिच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना थेट जोडून वर काळी पट्टी गुंडाळलेली. मी मेगर लावला. काटा शून्यावरून हलायलाही तयार नव्हता. केबल कुठंतरी पाईपावर उघडी पडली होती. आणि जमिनीत जाणारी अर्थिंगची तार भिंतीच्या बाहेर वीतभर जाऊन संपलेली, रस्ता उकरताना कधीतरी तुटलेली.

आता सगळं उघड होतं. वीज पाईपात गळत होती, म्हणून रिले मोटार बंद पाडत होती. ती बिचारी चार दिवस ओरडून सांगत होती. ह्यांनी तिचं तोंड बांधलं.

“हे कुणी सांगितलं करायला?” चाचांनी विचारलं.

“त्या दुसऱ्या ग्रुपवर. म्हणाले, रिले खराब असंल, डायरेक्ट करून टाक.”

“त्यांनी काही विचारलं नाही?”

“न्हाई. दोन मिनटांत उत्तर आलं.”

मला राहवलं नाही. “बघितलंत? म्हणून मी प्रश्न विचारत होते! तुम्हाला नुसतं उत्तर पाहिजे होतं, लगेच, तयार. मिळालं. आज तुमच्या गावात बाई मेली असती, बिरुदेव! तुमची मुलगी गेली असती!”

आणि तेव्हा तो बोलला. आवाज चढवून नव्हे. स्टार्टरच्या पेटीवर हात ठेवून, तिच्याकडंच बघत.

“मॅडम, तुमचं पाच प्रश्न मी वाचलं हुतं. शुक्रवारी न्हवं, फेब्रुवारीतच. मला वाचायला वेळ लागतो पर वाचलं. एचपी मोटारीवर लिहिलेला असतो. मोटार दोनशे फूट खाली हाय. ती बसवली तवा मी हितं कामाला न्हवतो. पंचायतीत कागद न्हाई. मग एचपी कुठनं सांगू? म्हाईत न्हाई म्हणून लिहिलं, तर तुम्ही वैद्याचं लिहिलं. आन् चौदा जण हसलं. त्यात आमच्या पलीकडल्या गावचा वायरमन बी हाय. माझ्या पोरानं वाचून दाखवलं मला ते. पोरानं.”

“पण काल, मोटार चालू झाल्यावर तरी...”

“लिहाय घेतलं हुतं. ‘मोटार चालू झाली’ म्हणून. मग वाटलं, आता काय केलंस, का केलंस, कुणी सांगितलं, परत पाच प्रश्न येतील. परत हसतील. म्हणून पुसलं.” त्यानं पेटीवरचा हात काढला. “तिकडं कुणी हसलं न्हवतं, मॅडम. तिकडं मला ‘भाऊ’ म्हणाले.”

“म्हणून एका म्हाताऱ्या माणसाला उन्हात तीन किलोमीटर चालायला लावायचं?” मी म्हणाले. मी ऐकत नव्हते. ऐकायचं नव्हतं मला. माझी बाजू खरी होती आणि ती मला सोडवत नव्हती. “तुम्हाला लाज वाटली म्हणून...”

“बास!”

चाचांनी पक्कड स्टार्टरच्या पेटीवर आपटली.

“बास करा दोघं. ह्याला हसतील म्हणून भ्या, तुम्हाला कुणी मान ठेवत नाही म्हणून राग. दोघं आपापलं नाक सांभाळत बसलाय, आणि तिथं लोखंडात वीज उतरलीय चार दिवस!” ते बिरुदेवकडं वळले. “बिरुदेव, नळाला झिणझिण्या येतात हे तुला कधी कळलं?”

“चार दिस झालं. बायका म्हणत हुत्या.”

“मग हे का नाही लिहिलंस? कुठंच? मोटार बंद पडते हे लिहिलंस, नळ चावतो हे नाही लिहिलंस. हे एक वाक्य लिहिलं असतंस तर मी तिथनंच सांगितलं असतं, हात लावू नका म्हणून. शुक्रवारीच!”

बिरुदेवनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत उलट उत्तराचा हेतू नव्हता, म्हणूनच ती मला जास्त लागली.

“पाच प्रश्नांत ते कुठं हुतं?” तो म्हणाला.

पंपघरात पत्रा तापून तडतडत होता. मी मनातल्या मनात पाचही प्रश्न परत म्हणून पाहिले. एचपी. फेज. केव्हापासून. काय बदललं. काय करून पाहिलं. अठरा वर्षं शिकवत होते मी. मोटारीबद्दल सगळं विचारलं होतं. नळ धरणाऱ्या हाताबद्दल काही नव्हतं.

मी मेगर बंद करून पेटीत ठेवला.

दुपारी दोनला गावातली दहा-बारा माणसं जमली. तिपाई उभी केली, साखळी लावली आणि एकेक पाईप वर यायला लागला. चाचा देवळाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले आणि तिथून बोटानं सांगत राहिले. तिसऱ्या पाईपाच्या जोडाजवळ केबल सापडली. पाईपाला घासून घासून तिचं आवरण तासल्यासारखं गेलेलं, आतलं तांबं चकाकत होतं. चाचांनी ती जागा सगळ्यांना दाखवली. बायकांनाही बोलावून दाखवली. कळशीवाली बाई बराच वेळ वाकून बघत होती.

अर्थिंगसाठी नवा खड्डा खणायला लावला. त्यात मीठ आणि कोळसा लागतो. कोळसा लोहाराकडून आला. मीठ दुकानात पुरेसं नव्हतं, तेव्हा घराघरातून वाटी वाटी गोळा झालं. तायव्वानं पदरात बांधून आणलं आणि स्वतःच्या हातानं खड्ड्यात टाकलं. टाकताना बिरुदेवला म्हणाली, “माज्या शेळीचं काय ते मग बोलू. पळून जाऊ नगंस.”

“न्हाई जात, आक्का,” तो म्हणाला.

मधल्या वेळात त्यानं आणखी एक गोष्ट केली होती. त्या दुसऱ्या ग्रुपवर, ज्यानं उपाय सांगितला त्याला, त्यानं लिहिलं होतं की रिले डायरेक्ट केली आणि नळाला करंट आला, शेळी मेली. त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. उत्तर आलं होतं: ‘भाऊ, मी फक्त सांगितलं होतं. करायचं की नाही ते ज्याचं त्यानं बघायचं.’ आणि त्याखाली, बिरुदेवला ग्रुपमधून काढून टाकल्याची ओळ.

“काढला मला,” तो म्हणाला. त्याला नवल वाटलं होतं, लहान मुलाला वाटावं तसं.

त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. रस्त्यात भेटला तर मी त्याला काय करीन ते इथं लिहीत नाही.

साडेचारला केबलला नवा जोड बसला. पाईप पुन्हा खाली जायला लागले तेव्हा चाचांनी बिरुदेवला जवळ बोलावलं. “आता बस. आणि लिही. आपल्या ग्रुपवर.”

“काय लिहू?”

“काय झालं, तू काय केलंस, काय निघालं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिही. ते पण कामाचं असतं. एचपी माहीत नाही असं तू म्हणालास, त्यावरनंच मला कळलं की मोटार जुनी आहे आणि कुणी वर काढलेली नाही.”

“मला वेळ लागतो, चाचा.”

“लागू दे. एसटी आठला आहे.”

त्याला पाऊण तास लागला. एका बोटानं एकेक अक्षर शोधत, मध्येच थांबून पाईपाकडं बघत. मी शेजारी बसले होते, पण एकही शब्द सुधारला नाही. पोस्ट झाल्यावर मी ती माझ्या मोबाईलवर वाचली. अजून माझ्याकडं आहे.

‘मी बिरुदेव कोळेकर, करंजटाकी पाणीपुरवठा. शुक्रवारी विचारलं होतं मोटार बंद पडते म्हणून. तेव्हा एक गोष्ट लिहायची राहिली. नळाला चार दिवस झिणझिण्या येत होत्या. मला वाटलं त्याचा मोटारीशी संबंध नाही. मोटार किती एचपी माहीत नाही. दुसरीकडे विचारून मी रिले डायरेक्ट केली. ती माझी चूक. मोटार चालू झाली पण नळात करंट आला. तायव्वा सरगर यांची शेळी मेली. माणूस कोणी मेला नाही. केबल तिसऱ्या पाईपाच्या जोडाजवळ घासली होती. अर्थिंग तुटली होती. मुजावरचाचा व मॅडम उन्हात चालत आले. मोटार चालू झाल्याचं मी त्यांना कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर ते आले नसते आणि उद्या बाई मेली असती. पण तरी कळवायला पाहिजे होतं. तुमच्याकडे नळ चावत असेल तर आधी मेन बंद करा मग विचारा.’

मी त्याखाली लिहायला घेतलं. मला त्याच्याहून जास्त वेळ लागला. दोनदा पुसलं. शेवटी एवढंच उरलं: ‘शुक्रवारी यांच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं होतं ते मागे घेते. विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही. जे हसले त्यांनीही आपापलं बघावं. – कुंदा शिरतोडे.’

चाचांना बारीक अक्षरं दिसत नसत. ते खुर्चीतून वाकून म्हणाले, “काय म्हणतात लोक?”

मोबाईल वाजला. ग्रुपवरच्या एका जुन्या सभासदाचा मजकूर होता, तालुक्यातला मोठा कंत्राटदार, वर्षभरात ज्यानं एकदाही कुणाला काही सांगितलं नव्हतं असा.

‘एवढं लांबलचक कोण वाचणार? मुद्द्याचं थोडक्यात टाका.’

बिरुदेव माझ्या चेहऱ्याकडं बघत होता. त्याच्या मोबाईलवर ते अजून आलं नव्हतं. त्या गावात रेंज येत-जात होती.

“वाचतायत,” मी चाचांना म्हणाले, “सावकाश वाचतायत सगळे.”

आणि तो मजकूर बिरुदेवपर्यंत पोचायच्या आत मी त्या माणसाला एकट्याला निरोप पाठवला, ‘कृपा करून हे स्वतःहून मागे घ्या.’ त्यानं उलट हसणारं तोंड टाकलं. मग मी त्याला ग्रुपमधून काढलं. त्यानं एकही नियम मोडला नव्हता. रात्रीपर्यंत त्याचे सात फोन आले, मी एकही घेतला नाही. बारा वर्षं झाली. अजून परत घेतलेलं नाही.